सागवानावरचा राखाडी रंग

मोठ्या तलावाकडे तोंड करून टेकडीवर उभं असलेलं ते हॉटेल आज सगळ्या भोपाळला माहीत आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला मुलंमुली तिथे जातात. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी कुणा जहागीरदाराने ते बांधलं, हे तिथले लोक कौतुकाने सांगतात. मधली वर्षं मात्र दोन वाक्यांत उरकतात. ती वर्षं माझ्या बाबांची होती, म्हणून मला राग येतो.

जहागिरी गेली, शिकार बंद झाली, हॉटेलला टाळं लागलं. मग बाबांच्या सरकारी कारखान्याने ते भाड्याने घेऊन नव्या इंजिनिअरांचं होस्टेल केलं. बाबा नागपूरहून आलेले, कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये सिव्हिल खात्यात ओव्हरसियर. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे आली. आमचं क्वार्टर इंद्रपुरीजवळ, पण बाबांचा जीव टेकडीवर. नाचाच्या दालनाच्या भिंतींना छतापर्यंत सागवान होतं, त्यावर कोरलेले मोर आणि हरणं. रविवारी बाबा मला सायकलवरून न्यायचे आणि स्वतः जवसाचं तेल लावून ते फडक्याने पुसायचे. त्या कामाला माणूस मंजूर नव्हता. आई म्हणायची, "घरच्या दाराची कडी महिन्याभरापासून निखळलीय, अन् हे तिकडे हरणांना तेल चोळून राहिले!"

दिल्लीहून मोठे साहेब येणार म्हटलं की टाऊनशिपमध्ये रंगाची साथ यायची. झाडांच्या खोडांना गेरू-चुना, रस्त्याच्या कडेच्या दगडांना काळे-पांढरे पट्टे, आणि उरलेल्या सगळ्याला मशीनचा राखाडी रंग. तो कारखान्यात पिंपांनी पडलेला असे. आमची खाट, स्टूल, देव्हारासुद्धा राखाडी होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एकदा साहेबांचं जेवण त्या दालनात ठरलं. बाबांचे वरिष्ठ आले, भिंती पाहून म्हणाले, "ये लकड़ी बहुत पुरानी दिख रही है. परसों तक पेंट करवा दो."

बाबांनी लेखी कळवलं, हे सागवान आहे, रंगाने कोरीवकाम बुजेल. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "नोट वापस ले लो. प्रमोशन की लिस्ट में नाम है ना तुम्हारा?" बळी तो कान पिळी. बाबांनी कागद परत घेतला.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तेव्हा मजूर भिंती रंगवत होते आणि हरणांपाशी बाबा स्वतः ब्रश घेऊन बसले होते. म्हणाले, "यांच्या हातून डोळे बुजतील गं." साहेब आले, जेवले, भिंतींकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाबांना बढती मिळाली. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले, बाबांनी एकही तोंडात घातला नाही. इमारतीची देखभाल त्यांनी सांगून दुसऱ्याकडे सोपवली आणि पुन्हा टेकडी चढले नाहीत. मी लहान होते, पण तेव्हाही मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, तीन पोरं आणि सरकारी क्वार्टर असलेला माणूस आणखी काय करणार होता?

होस्टेल गेलं, मग तिथे जुन्या फायलींचं गोदाम झालं, मग नुसती वटवाघळं. शेवटी एका कंपनीने ते घेऊन पुन्हा हॉटेल थाटलं. लाकूड उघडं केलंय असं ऐकलं, आणि मला वाटलं, बाबांना दाखवावं, म्हणजे त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. तेव्हा ते ऐंशीच्या पुढचे, बाग सेवनियाला माझ्याकडे राहायचे. बरीच मनधरणी केल्यावर तयार झाले, इस्त्रीचा शर्ट घातला.

दालनात एक तरुण मॅनेजर बाई पाहुण्यांना माहिती सांगत होती. "सरकारी लोगों ने इस पर मशीन का पेंट पोत दिया था. पता नहीं कौन जाहिल था!" सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग ते सोडून भिंतीपाशी गेले आणि एका हरणावर तळवा ठेवला. रंग खरवडताना त्याचे डोळे गेले होते.

"अंकल, प्लीज हाथ मत लगाइए," ती म्हणाली. मग जरा मऊ होऊन तिने विचारलं, "पहले कभी आए हैं यहाँ?"

बाबांनी हात काढून घेतला.

"नहीं बिटिया. पहली बार आया हूँ."