भिंतीपलीकडचा आवळा

वर्तकनगरला आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडे एक बाई रोज आवळ्याला पाणी घालायच्या. मी माणूसघाणा, नावही विचारलं नाही. मला बोलवायचं तर त्या भिंतीवर खुरपं ठोकायच्या.

एकदा त्यांनी भिंतीवरून कलम पुढे केलं. म्हणाल्या, "तुमच्या बाजूला लावा हो. कलमी आवळा एकटा धरत नाही, जवळ दुसऱ्या जातीचा लागतो."

मी लावलं. काही वर्षांनी दोन्ही झाडं लगडली, तेव्हा मीठ लावलेल्या फोडी भिंतीवरून आल्या.

मग त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि झाडही तोडलं. त्या कुठे गेल्या हे विचारायचं, तर नाव ठाऊक नको?

माझा आवळा यंदाही फुलला. धरला नाही. आळं करताना खुरपं चुकून भिंतीला लागतं, आणि मी उगाच थांबून राहतो.