टाकेबाई आणि दहाचा पाना

आमचा फ्लाइंग क्लब म्हणजे एक माळ, एक पत्र्याची शेड, दोन विमानं आणि टाकेबाई. पहिल्या तीन गोष्टी नसत्या तरी टाकेबाईंनी क्लब चालवलाच असता, असं आम्ही अकरा सभासद गमतीनं म्हणतो. त्यांच्यासमोर नाही.

विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसलं नव्हे हे. मायक्रोलाइट. तीन चाकांचा सांगाडा, एकामागे एक दोन उघड्या खुर्च्या, डोक्यावर कापडाचा त्रिकोणी पंख आणि पाठीमागे इंजिन. इंजिनाच्याही मागे लाकडी पंखा, तो सगळं लटांबर पुढे ढकलतो. त्यामुळे खुर्चीतून किंवा इंजिनावरून जे काही निसटेल ते थेट पंख्यात जातं. टोपी असो, किल्ली असो, नाहीतर साधं फडकं.

फडक्याचा अनुभव माझाच. मी दातांचा डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी इंजिन पुसलं आणि फडकं तिथेच विसरलो. उड्डाणाआधीच्या तपासणीत ते टाकेबाईंच्या हाती लागलं.

"डॉक्टर, रोग्याच्या तोंडात कापूस विसरता का हो कधी?"

"छे! कधीच नाही."

"मग इथे महिनाभर फिरकू नका."

एवढ्याशा फडक्यासाठी महिना! मी घरी जाऊन बायकोपाशी भरपूर आदळआपट केली. पण गेलो नाही महिनाभर.

टाकेबाई मूळच्या शिलाईवाल्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईनं त्यांना वाढवलं आणि दहाव्या वर्षी मशीनवर बसवलं. दोघी बहिणी मिळून ताडपत्र्या, तंबू, दुकानांपुढचे पडदे शिवायच्या. क्लब काढणारे इंजिनिअर साहेब एकदा फाटलेला पंख घेऊन त्यांच्या दुकानात गेले. ताई म्हणाली, एका दिवसात देते. धाकटीनं मात्र पंख पसरून बघितला, जुना दोरा नखानं उसवून बघितला आणि म्हणाली, "हा आमचा दोरा चालायचा नाही. असलाच दोरा आणून द्या. आणि टाके मोजून घालावे लागतील, पाच दिवस लागतील." पाच दिवसांनी पंख तर दिलाच, वर सायकल मारत माळावर आली. आपले टाके हवेत तग धरतात का ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. ती जी आली ती परत गेलीच नाही म्हणा ना. पंख शिवता शिवता इंजिन शिकली, मग उडायला शिकली, परवाना काढला. साहेब म्हातारपणी मुलीकडे राहायला गेले तेव्हा शेडच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवून गेले. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मोठ्या विमानतळाशी परवानगीचं बोलणं, शेजारच्या कोंबड्यांवाल्याची आवाजाबद्दलची भांडणं, गवत कापणं, नोंदवही, सगळं त्याच बघतात.

शेडच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. सगळी हत्यारं आपापल्या आकृतीवर परत लागल्याशिवाय विमान शेडबाहेर काढायचं नाही, हा नियम. तो मोडायची आमची कुणाची छाती नव्हती.

मोडला तो त्यांनीच. त्या सकाळी मी तिथेच होतो.

ताईंना साठावं लागलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी विमानाकडे पाठ फिरवून बसायचंच व्रत घेतलं होतं. पण त्या वाढदिवसाला काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, एकदा वर जाऊन येते. सकाळी आठची वेळ ठरली आणि ताई साडेसातलाच हजर. पर्स छातीशी घट्ट धरलेली, चेहरा पांढराफटक.

"आत्ता नेत असाल तर बसते," ताई म्हणाल्या. "थांबायला लावलंत तर मी चालले घरी."

टाकेबाई तेव्हा सायलेन्सरचा पट्टा आवळत होत्या. त्या हसल्या, हातातला दहा नंबरचा पाना बाजूला ठेवला आणि बहिणीच्या डोक्यावर हेल्मेट चढवायला धावल्या. आमच्या ड्रायव्हरकाकांनी पुढची खुर्ची घेतली. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, आमच्यातला सगळ्यांत सावध. ताईंचे पट्टे बांधून झाले, इंजिन सुरू झालं, आणि ताईंचा विचार बदलायच्या आत विमान जमिनीवरून उठलंसुद्धा.

टाकेबाई बराच वेळ हात हलवत होत्या. मग शेडमध्ये आल्या. मी चहा ओतत होतो. पाठीमागून काहीच आवाज येईना म्हणून वळून पाहिलं, तर त्या फळीपुढे उभ्या. दहा नंबरची आकृती रिकामी होती.

"डॉक्टर, पाना बघितलात?"

आम्ही दोघांनी शेड पालथी घातली. टेबलाखाली, पेटीत, त्यांच्या एप्रनच्या खिशात. कुठेच नाही. त्या मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि हवेतच हात हलवून पाहिला. पट्टा आवळला, वळले, ठेवला. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"इंजिनावर ठेवलाय मी," त्या म्हणाल्या.

रेडिओ उचलेपर्यंत त्यांचा आवाज ताळ्यावर आला होता. "काका, कुठे आहात?"

"कारखान्यांच्या पलीकडे, वस्तीवर. दीड हजार फूट. ताई मजेत आहेत."

"काका, इंजिन कसं चाललंय? खरं सांगा."

"चाललंय. उठल्यापासून जरा थरथरतंय. मला वाटलं, माझाच भास. का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाना अजून इंजिनावरच असता तर इंजिन थरथरलं नसतं. तो उठतानाच पंख्यात जाऊन आला होता. आता भीती पाना पडेल याची नव्हतीच. पंख्याचं एक पातं दुखावलं होतं, आणि मिनिटाला काही हजार फेऱ्या घेत होतं. ते तुटलं तर झोक जाऊन इंजिन जागेवरून उखडायला वेळ लागत नाही.

आणि हेल्मेटमधला रेडिओ दोघांचा सामायिक. काकांना सांगायचं ते ताईंना ऐकू जाणारच.

मी हळूच म्हणालो, "ताईंना कळू देऊ नका. नुसतं परत या म्हणा."

"काकांना माहीत नसलं तर ते उतरताना इंजिनाला जोर लावतील," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. "काका, ऐका. मी इंजिनावर पाना विसरले. तो पंख्याला लागलाय. पातं तडकलं असणार. चूक माझी आहे. ताई, तूही ऐकते आहेस ना? हलू नकोस, काकांना धरू नकोस."

त्यांनी बटण सोडून पुन्हा दाबलं.

"काका, खाली उतरायला जागा आहे?"

"घरंच घरं. पुढे बागा, झाडं, तारा. नाही."

टाकेबाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. काका सहा किलोमीटरवर होते. दीड हजार फुटांवरून इंजिन बंद करून तरंगत यायचं तर फार तर अडीच किलोमीटर. म्हणजे साडेतीन किलोमीटर त्या दुखावलेल्या पंख्यावरच काढायचे. तीन मिनिटं, बागांपलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत.

"वळा, अगदी सावकाश," त्या म्हणाल्या. "उंची वाढवू नका. गॅस आहे तिथेच ठेवा, कमी नाही, जास्त नाही. पाण्याची टाकी खाली आली की इंजिन बंद करा आणि पंखावर तरंगत या. थरथर वाढली तर टाकीची वाट बघू नका."

"वस्तीवर वाढली तर?"

टाकेबाईंचा अंगठा बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. मग दाबला. "तरीही बंद करा. रस्ता बघा."

पुढची तीन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. मीच बघत होतो. एक मिनिट झालं तेव्हा काका म्हणाले, "बागा सुरू झाल्या." दीड मिनिटाला म्हणाले, "वाढतेय." टाकेबाई म्हणाल्या, "किती?" "हात बधिर होताहेत." बंद करा म्हणायला त्यांनी रेडिओ तोंडाशी धरला, पण खाली झाडं आणि तारा होत्या; त्यांचं बोट नकाशावरच्या टाकीकडे सरकलं. मग अचानक रेडिओवर ताईंचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"टाकी दिसतेय गं."

आम्ही बाहेर धावलो. लांबवर तो त्रिकोण दिसत होता, त्याची घरघर कानावर येत होती, आणि मग ती थांबली. एरवी आवाज थांबला की आम्ही सगळे धावपट्टीकडे पळत सुटतो. त्या दिवशी आवाज थांबला आणि माझ्या जिवात जीव आला.

पण वारा समोरून होता. विमान जितकं पुढे यायला हवं तितकं येईना. माळाच्या कडेनं रस्ता आणि रस्त्याकडेनं विजेच्या तारा. "तारा आहेत, तारा," मी म्हणत होतो, कुणाला ते मलाही ठाऊक नाही. टाकेबाई म्हणाल्या, "काका, नाक खाली. वेग घ्या. मग उचला." तारांच्या दिशेनं नाक खाली करायचं! तीस वर्षं बस चालवलेल्या माणसानं मुकाट्यानं केलं. विमान तारांवर झेपावल्यासारखं आलं, शेवटच्या क्षणी उचललं गेलं, आणि तारांच्या दोन पुरुष वरून अलीकडे आलं. धावपट्टी काही गाठता आली नाही. ते नांगरलेल्या तुकड्यात टेकलं, पुढचं चाक रुतलं, कललं आणि थांबलं.

पंख्याच्या एका पात्याच्या टोकाला दाताच्या आकाराचा टवका उडाला होता आणि तिथून निघालेली चीर अर्ध्या पात्यापर्यंत पोचली होती. काकांनी तिच्यात नख घालून बघितलं आणि खाली मातीतच बसले. पाना नंतर मला धावपट्टीच्या कडेला गवतात सापडला.

टाकेबाई बहिणीकडे गेल्या. ताईंनी हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, मला घरी सोडता?"

गाडीत त्यांनी पर्स पुन्हा छातीशी धरली. मग म्हणाल्या, "लहानपणी मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती. मी घाबरीन म्हणून तिनं दुपारभर मुठीत बोट दाबून ठेवलं. अवाक्षर काढलं नाही. आणि आज बघा, सगळं घडाघडा सांगितलं मला. दीड हजार फुटांवर."

"सांगायला नको होतं का?"

"तेच कळत नाहीये ना," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

रविवारी सभा भरली. टाकेबाईंनी उभं राहून सगळं सांगितलं, मिनिटामिनिटाचं. आढेवेढे नाहीत, कारणं नाहीत. ताई घाईत होती हेसुद्धा सांगितलं नाही; ते मला माहीत होतं म्हणून मी सांगितलं. लोक म्हणाले, जाऊ द्या बाई, तुम्हीच तर वाचवलंत. काकांनीही हात जोडले. टाकेबाई मात्र सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघत राहिल्या.

"महिना," मी म्हणालो.

सभेत कुजबुज झाली. कुणीतरी मला सूड उगवणारा म्हणालं. टाकेबाईंनी मान हलवली आणि शेडच्या किल्ल्या टेबलावर माझ्यापुढे सरकवल्या. त्यांचा चेहरा इतका सैल झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

महिनाभर विमानं मी आणि काकांनी तपासली. त्या रोज यायच्या, गवत कापायच्या, फोन घ्यायच्या, कोंबड्यांवाल्याशी भांडायच्या, हत्याराला हात लावायच्या नाहीत. अकराव्या दिवशी ताई रिक्षातून उतरल्या. दोघी शेडमागे तासभर बसल्या. आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही. पहिल्यांदा मोठमोठ्यानं भांडण ऐकू आलं, नंतर काहीच नाही, आणि मग ताई ओरडल्या, "अहो डॉक्टर, चहा मिळतो का या क्लबात?"

महिना संपल्यावर नवा पंखा आला. तो टाकेबाईंनी स्वतः बसवला आणि एक नवा नियम केला: दुरुस्ती ज्यानं केली, त्यानं आधी वर जायचं. मग काकांच्या मागे जाऊन बसल्या.

ताई आता दर गुरुवारी येतात, पण विमानात बसत नाहीत. मी एकदा विचारलं, पुन्हा जाणार का? त्या म्हणाल्या, "टाकी दिसली ना, तेव्हा खाली सगळं इतकं सुरेख दिसत होतं, डॉक्टर. हे तिला सांगू नका. लगेच खुर्चीत कोंबेल."