हसण्यातलं दुखणं ओळखणाऱ्या शैलाताई

डॉ. शैलाताईंची माझी पहिली भेट नांदेडला त्यांच्या दवाखान्यात झाली. मी जळकोटहून माझ्या धाकट्या बहिणीला, लीलाला, घेऊन गेले होते. सोबत अव्वा, म्हणजे आमची आई. लीला स्वमग्न आहे. तेव्हा ती विशीत होती.

आम्ही लिंगायत. लीलाच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंगाची चांदीची डबी असायची आणि ती कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या आठवड्यात तिनेच ती काढली आणि मुठीत धरून बसू लागली. शिवाय सारखी हसत होती. नातेवाईक म्हणाले, वेड वाढलं. गावातल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही; दुखत असतं तर रडली असती, असं ते म्हणाले.

शैलाताईंनी लीलाला ‘कुठे दुखतं’ हे विचारलंच नाही. त्या तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या आणि अव्वाला म्हणाल्या, “रोज करायची आणि आता करत नाही, असं काय आहे?”

“लिंग गळ्यात घालंना. बाकी खाती, पिती. हासती लई.”

“जास्त कधी हसते?”

अव्वाने आठवून सांगितलं, “झंपर घालताना.”

ताईंनी एक्स-रे काढायला लावला. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड मोडलेलं होतं. डबीचा दोरा नेमका तिथेच दाबत होता. लीला कधी पडली, कुणालाच कळलं नव्हतं.

“माय, हाड मोडलं आन पोरगी हासून राहिली,” अव्वा रडू लागली.

“हे तिचं रडणंच आहे,” ताई म्हणाल्या. “आता आपल्याला माहीत झालं.”

हात बांधायचा पट्टा लीलाला टोचत होता, म्हणून ताईंनी अव्वाच्या मऊ लुगड्याची झोळी केली. “डबी मुठीतच राहू द्या. देव काही लांब जात नाही.”

आज मी लातूरला विशेष मुलांना शिकवते, ते त्या दिवसामुळे. ताईंच्या हाताखाली पुष्कळ शिकले. लोहा गावचा एक मुलगा गुडघा फुटला तरी खेळायचा आणि डोक्याला कंगवा लागला की किंचाळायचा. त्याची आई म्हणाली, “नाटकं करतंय.” ताई म्हणाल्या, “दोन्ही खरं आहे. त्याचं दुखणं त्याच्याच मापानं मोजायचं.” आमच्या शाळेत आता तसंच मोजतात.

गेल्या महिन्यात ताई जळकोटला आल्या. लीलाजवळ सतरंजीवर बसायला निघाल्या आणि क्षणभर थबकल्या. घरातली वस्तू जागची हलली तरी बेचैन होणाऱ्या लीलाने स्वतः उठून खुर्ची ओढून आणली.

“डॉक्टरबाई, गुडघा दुखून राहिला का?” अव्वाने विचारलं.

ताई हसल्या.

“हासू नका. आमचा हासण्यावर भरोसा न्हाई.”

ताई, तुमच्या पंचाहत्तरीनिमित्त आमचं मागणं एवढंच: उदंड आयुष्य घ्या, आणि त्याआधी गुडघा दाखवून घ्या. लीलाने ती खुर्ची अजून जागेवर ठेवू दिलेली नाही.