भिंतीकडची बाजू

गोठेवाल्या काकू अंगाने भरदार होत्या, आणि त्यावर दुसऱ्या कोणी विनोद करायच्या आत त्या स्वतःच करून टाकत. "गाळ्यात एक तर गाय मावेल, नाही तर मी," असं म्हणायच्या आणि गाईला ढुशी देऊन आत शिरायच्या.

त्यांचा गोठा म्हणजे पूर्वीचं कोठार. विटांचे पाच अरुंद गाळे, प्रत्येकात एक गाय. गाई डावी कूस भिंतीला लावून उभ्या राहायच्या. दाराकडून माणूस आरामात जायचा, पण भिंत आणि गाय यांच्यामध्ये जेमतेम वीतभर फट उरायची. त्या फटीत काका शिरत. काका म्हणजे काकूंचे यजमान. अगदी पाप्याचं पितर.

दर पंधरा दिवसांनी दोघं गाईंना गोचिडांचं औषध चोळत. औषध काकांचं. कडुलिंबाचा पाला उकळायचा, सीताफळाच्या बिया वाटून त्यात घालायच्या, वर थोडं तेल आणि साबणाचं पाणी. बियांचा हात डोळ्याला लागला तर डोळा जाईल, म्हणून वाटण काका स्वतः करत आणि वासरं लांब बांधत. मग दाराकडची बाजू काकू चोळायच्या आणि भिंतीकडची काका. बत्तीस वर्षं असंच चाललं होतं. त्यांची निम्मी भांडणं गाईच्या पाठीवरून झाली. शेजारीपाजारी याच औषधाचे डबे भरून नेत, आणि काकांना त्याचा फार अभिमान होता. तसं त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण डबा भरताना त्यांची मान ताठ व्हायची.

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर धरून ठेवायचं. एका वर्षी आमच्या डॉक्टरांनी वीस गोठे निवडले. दहा गोठ्यांत बाटलीतलं औषध फवारायचं, काकूंच्या गोठ्यासकट दहांत काकांचं झाडपाल्याचं लावायचं, आणि लावण्याआधी व एकवीस दिवसांनी गोचीड मोजायचे. मोजायला मी. तेव्हापासून सगळे मला मोजणीदार म्हणायला लागले, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

फॉर्मवर लिहिलं होतं की डाव्या बाजूचे मुगाएवढे आणि त्याहून मोठे गोचीड मोजावेत आणि आकडा दुप्पट करावा. पद्धतीत काही खोट नाही. जनावराच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, दोन माणसांनी वाटून घेतलेल्या नसल्या तर.

पहिल्या मोजणीनंतर दोनच दिवसांत काकांनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं. त्यांची खाट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीशी टाकली होती. तिथून त्यांना गाई दिसायच्या आणि काकूंना सूचना देता यायच्या. ठरलेल्या दिवशी काकूंनी एकटीनेच औषध लावलं. भिंतीकडे त्या जाऊ शकत नव्हत्या, म्हणून काठीला फडकं बांधून जमेल तसं पलीकडे फिरवलं. गाई बाहेर काढून लावायची सोय नव्हती. धरायला दुसरं माणूस नसलं की त्या गाई एका जागी उभ्या राहात नसत.

एकवीस दिवसांनी मी गेलो. तो शेवटचा गोठा होता. बाहेर जीपमध्ये डॉक्टर घड्याळ बघत होते. पाला उकळून गोचीड मरत नाहीत हे त्यांनी जीपमध्येच तीनदा सांगितलं होतं. मी एकेक गाय दोरीने धरून उजेडात आणली आणि डाव्या बाजूचे गोचीड मोजले. कान, मान, मांडीचा सांधा, शेपटीखाली. पाच गाईंचे मिळून बावन्न. दुप्पट एकशे चार. पहिल्या मोजणीला एकशे अठरा होते.

शेवटच्या गाईला परत आत नेताना मी तिच्या उजव्या बाजूने चालत होतो. मानेवर हात ठेवला. कातडी स्वच्छ. सहज म्हणून मांडीकडे बघितलं, तिथेही एखाददुसराच, तोही वाळलेला. मी थांबलो. कोपऱ्यात फडकं बांधलेली काठी उभी होती. सगळं एका क्षणात कळलं. मूर्ख असतो तर आज बरं वाटलं असतं.

खिडकीतून काकांनी विचारलं, "किती रे?"

"एकशे चार, काका."

ते खिडकीचा गज धरून थोडे उठले. मग म्हणाले, "दोन्ही बाजूंचे?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. काठीचं सांगितलं असतं तर फॉर्मवर शेरा लिहावा लागला असता, औषध पुन्हा लावून तीन आठवड्यांनी पुन्हा यावं लागलं असतं आणि वाटेत डॉक्टरांची बोलणी खावी लागली असती. मी म्हणालो, "हो, दोन्ही बाजूंचे." दुप्पट केलेला आकडा दोन्ही बाजूंचाच असतो, अशी मी मनाची समजूत घातली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, निरंक.

काका म्हणाले, "मग औषधच गेलं." त्यांनी काकूंना सांगून वाटणाचा दगड आणि मोठं पातेलं त्याच आठवड्यात देऊन टाकलं. शेजाऱ्यांनाही निरोप धाडला की माझं औषध लावू नका, बाटली आणा. दीड महिन्यात काका गेले. त्यांना छातीच्या दुखण्याने नेलं हे मला माहीत आहे. तरी त्या घरावरून जाताना मी चाल वाढवत असे.

डॉक्टरांनी फॉर्म कपाटात टाकून दिले आणि पुढची चार वर्षं सगळीकडे बाटली. कोणी औषध पातळ करी, कोणी आठवड्यात दोनदा मारी, आणि शेवटी गोचीड त्याला सरावले. फवारा मारून गेलं तरी ढिम्म हलेनात. तोवर डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी जुने फॉर्म काढले आणि विचारलं, "पाल्याच्या बाकी नऊ गोठ्यांत गोचीड निम्म्याने कमी झालेत. या एकाच गोठ्यात का नाहीत?"

मी म्हणालो, "बघून येतो."

काकू ओट्यावर बसून चारा निवडत होत्या. बऱ्याच बारीक झाल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काठी, स्वच्छ मान, हॉर्न, दोन्ही बाजू. बसायचं धैर्य नव्हतं.

त्या बराच वेळ चारा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला विचारत होते, भिंतीकडचं राहिलंय का म्हणून. मी म्हटलं, राहिलेलं नाही, काठीने नीट पोचवलंय. मला त्यांना काळजी लावायची नव्हती. म्हणून मग तुला विचारलं त्यांनी."

त्यांनी चाऱ्यातली एक काडी मोडून बाजूला टाकली.

"मला वाटायचं, माझ्याच हाताने त्यांचं औषध हरलं," काकू म्हणाल्या. "चार वर्षं हेच वाटतंय."

त्यांनी मला माफ केलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. चाऱ्याची पाटी बाजूला ठेवून त्या उठल्या. "बिया आण. दगडही बघ कुणाकडे गेलाय तो. वाटण मी करेन, भिंतीकडची बाजू तू घ्यायचीस."

मी पोट आवळून त्या फटीत शिरलो. गाय अंगावर रेलली, कोपर विटांना सोलपटलं. पलीकडून काकू विचारत होत्या, "शेपटीखाली पोचलास का?" आणि मी पोचेपर्यंत त्या पुढच्या गाईकडे सरकत नव्हत्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

महिन्याभराने मी गाई बाहेर काढून मोजल्या. या वेळी डावी वेगळी, उजवी वेगळी. भिंतीकडे सहा, दाराकडे पाच.

काकू गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "काकू, अकरा. दोन्ही बाजूंचे."

"मला काय कानात सांगतोस," त्या म्हणाल्या. "मोठ्याने सांग."

त्या खिडकीकडे बघत होत्या. तिथली खाट केव्हाच हलवली होती, आत नुसत्या पेंडीच्या गोण्या होत्या. मी खिडकीजवळ गेलो आणि मोठ्याने सांगितलं.