खंडेनवमीला रंगवलेले स्लिक

ईशा, निखिल,

परवा फोनवर निखिल म्हणाला की ट्रॅकवर गाडी नेण्याआधी त्याने स्प्रे मारून टायर अगदी चकाचक केले. मी "थांब" म्हणाले आणि तेवढ्यात लाइन तुटली. म्हणून हे लिहून पाठवते आहे. मी रबराच्या कारखान्यात होते हे तुम्हाला ठाऊक आहे. रेसच्या टायरशी माझा संबंध आला होता हे ठाऊक नसावं.

नाशिकच्या सातपूरला ट्रकचे टायर रिट्रेड करायचा आमचा कारखाना होता. म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवायचा. ऐंशीच्या दशकात मी तिथली लॅब सांभाळत असे. बहुतेक गिऱ्हाइकं लासलगावचा कांदा वाहणारी. दिनकरराव तेवढे वेगळे. पिंपळगावकडे त्यांची द्राक्षबाग होती आणि शेडमध्ये स्वतः बांधलेली रेसची फियाट. तिचे चार स्लिक त्यांनी मद्रासच्या एका रेसरकडून जुने घेतले होते. स्लिक म्हणजे अजिबात नक्षी नसलेला, मऊ रबराचा टायर. तापला की रस्त्याला चिकटून धावतो. तसे टायर तेव्हा इकडे मिळत नसत.

प्रत्येक सरावानंतर ते माझ्याकडे येत. तापलेल्या रबराला खडी आणि इतर गाड्यांच्या रबराचे तुकडे चिकटून बसतात. ते बोथट पातीने खरवडायचे, टायर साबणाच्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि काळ्या कापडात गुंडाळून कच्च्या रबराच्या थंड खोलीत ठेवायचा. ऊन आणि तेल रबराला सोसत नाही. शास्त्र एवढंच.

त्या वर्षी दिनकरराव दसऱ्याच्या सकाळी मद्रासच्या रेसला निघणार होते. आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा. मी पोचले तेव्हा मशिनांना झेंडूच्या माळा लागल्या होत्या आणि समोर ते चार स्लिक ओळीने मांडलेले. दोन काळेभोर चमकत होते. तिसऱ्यावर आमचे फोरमन गंगुर्डे ब्रश टेकवायच्या बेतात होते.

"गंगुर्डे, हे काय लावलंत?"

"नेहमीचंच, बाई. डिझेल, जळकं ऑइल न् काजळी. घरच्या सगळ्या टायरांना लावलं. पाहुण्यांनाच उपाशी ठेवायचं का?"

ट्रकच्या टायरला ते चालतं, धुळीत निघून जातं. मऊ स्लिक मात्र तेल पितो, फुगतो आणि भरधाव वळणावर घसरतो. मी ब्रश काढून घेतला. गंगुर्डेंचा चेहरा पडला. हळदीकुंकू फार निगुतीने वाहिलं होतं त्यांनी.

मालक म्हणाले, पेट्रोलने पुसून द्या, गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं. पेट्रोलबरोबर तेल आणखी आत मुरेल, हे मी त्यांना समजावलं.

"मॅडम, काळ्यावर काळं कोणाला दिसतंय?"

"दिसणार नाही. वळणावर दिनकररावांना कळेल. तेव्हा त्यांना कोणी सांगायची गरज उरणार नाही."

मालकांनी फोन माझ्याकडे सरकवला.

दिनकरराव जीप घेऊन आले. टायर बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "लय देखणे केले, गंगुर्डे. लग्नाला न्यायचेत का रेसला?" मग माझ्याकडे वळले. "ताई, सरळ सांगा. जाऊ का नको?"

मी म्हटलं, आधी धुऊन बघू.

साबणाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतले. मग वरची पातळ कातडी सँडपेपरने हाताने घासून काढली. गंगुर्डे सणाचं जेवण सोडून घासत बसले. शेवटी रबराचा कठीणपणा मोजायचा गेज टोचून पाहिला. घड्याळासारखी तबकडी असते त्याला. न रंगवलेल्या टायरांपेक्षा हे दोन किंचित मऊ निघाले, पण सगळीकडे सारखे. मऊ चट्टे कुठे नव्हते.

"जा," मी म्हटलं, "पण हे दोन पुढे लावा. मागचे घसरले तर गाडी गरगर फिरते. पुढचे घसरले तर ती नीट वळत नाही, पण तुम्हाला वेळेत कळतं. सरावात टायर तापले की थांबा आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं तेलकट झालं तर रेस सोडायची."

"सोडायची?"

"सोडायची."

ते थोडा वेळ टायरवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुमच्या शब्दाबाहेर नाय."

फडकं कोरडं निघालं. ते धावले आणि सहावे आले. परतल्यावर तक्रार एकच, की वळणावर गाडी जरा बाहेर जात होती. गंगुर्डेंसाठी त्यांनी मद्रासहून लुंगी आणली. टायर खडीने माखून माझ्याकडे आले, आणि इतके घाणेरडे टायर पाहून मला आनंद झाला.

तेव्हा निखिल, चमक बघणाऱ्यासाठी असते, टायरला तिचा काही उपयोग नाही. साबण, पाणी आणि सावली पुरते. स्प्रे मारायचाच असला तर गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा मार.

तो कारखाना बंद झाला, तिथे आता गोदाम आहे. फियाट विकली गेली. गंगुर्डेंचा मुलगा नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ टायरचं दुकान चालवतो. तिथे खंडेनवमीला अजूनही टायरच्या फक्त बाजू रंगवतात. रस्त्याला टेकणारा भाग कोरा ठेवतात.