आणखी अर्धा आटा

"आणखी अर्धो आटो," असं म्हणून खालचा ओठ दातात धरायचा आणि घट्ट बसलेली वस्तू अजून घट्ट करायची, ही काकांची सवय. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल, दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी बेसिनचा नळ आवळून येणारा. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या नळांचे वायसर काकांनीच चेपले होते.

घरात लोणच्याची बरणीही तेच बंद करायचे. मग काका खाली उतरले की काकू पदराखाली बरणी घेऊन समोरच्या दारी, म्हणजे माझ्याकडे यायच्या. मी ती दाराच्या फटीत धरून झाकण सैल करून द्यायचे. "त्यांना सांगू नको हं," एवढं बजावून त्या परत जायच्या.

काकांची गाडी जुनी होती, पण नुसती हौस म्हणून ठेवलेली नव्हती. काकूंचे गुडघे गेलेले. रिक्षात पाय उचलून चढणं त्यांना जमत नसे. या गाडीच्या पुढच्या सीटवर काकांनी जाड उशी बसवून घेतली होती. काकू तिच्यावर टेकायच्या आणि हळूच आत वळायच्या. गुरुवारचं भजन, डॉक्टर, मुलुंडची बहीण, सगळं त्या उशीच्या जिवावर चालायचं. गाडी नसती तर काकू घराबाहेर पडल्याच नसत्या.

आणि कमिटीच्या डोळ्यांत नेमका त्या गाडीखालचा तेलाचा डाग खुपला. आवारात नवे पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून आमच्या सेक्रेटरींची नजर जमिनीवरून हलत नव्हती. लिफ्ट आठवड्याआड अडकते, गच्चीतल्या टाकीला झाकण नाही, त्याचं त्यांना काही नाही. सोसायटीच्या वार्षिक पूजेच्या आत गळती थांबली नाही तर पार्किंग रद्द, असं त्यांनी काकांना जिन्यात उभं करून सांगितलं. काकूंचं काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं.

काका स्वतःच कामाला लागले. इंजिनावरच्या झाकणाखाली बुचाच्या पट्टीसारखं गॅस्केट असतं. ते वाळून तडकलं होतं आणि तिथून तेल ओघळत होतं. त्यांनी जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नवं बसवलं. टॉर्च धरायला मी होते. मोबाइलवरच्या व्हिडिओत एकजण कळकळीने सांगत होता की बोल्ट हलक्या हाताने आवळा, जोर लावू नका. मी ते काकांना दोनदा ऐकवलं.

"गाडी गळली तर तेका काय जाताहा," काका मोबाइलकडे बघून म्हणाले, आणि एकेका बोल्टला अर्धा आटा देत सगळी फेरी पूर्ण केली.

सकाळी गाडीखाली सरकवलेल्या पुठ्ठ्यावर पहिल्यापेक्षा मोठा डाग होता. नवं गॅस्केट चेपून फाटलं होतं. मला हसू आलं आणि संतापही आला.

दुसरं गॅस्केट आणलं त्या दिवशी काकू भिंत धरत धरत खाली आल्या आणि पुढच्या सीटवर बसून राहिल्या. शेवटच्या बोल्टपाशी काकांनी सवयीने ओठ दातात धरला.

"पुरे," काकू आतून म्हणाल्या. "ही लोणच्याची बरणी नाय."

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पाना खाली ठेवला. त्यांनी अर्धा आटा सोडून दिलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

पुठ्ठा कोरा निघाला. पुढचे तीन-चार दिवस रोज कोरा. काका तो पुठ्ठा घेऊन सेक्रेटरींच्या दारी गेले, बरोबर मी. त्यांनी पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाग तर दिसतोच आहे ना, म्हणाले. मी सांगितलं की तो जुना डाग आहे, गळती थांबली आहे. ठराव झालाय, म्हणाले, आणि दार लावलं. गुरुवारी काका-काकू भजनाला गेल्याचं बघून सेक्रेटरींनी गाडीच्या जागेवर साखळी लावून कुलूप ठोकलं. समोरासमोर लावायची छाती नव्हती.

पूजेच्या दिवशी त्याच जागी आचाऱ्याची कढई लागली. पुऱ्यांचं तेल पेव्हर ब्लॉकवर ओघळत सांडलं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, सेक्रेटरींनी तर तिथेच उभं राहून गरम पुऱ्या खाल्ल्या.

गाडी काही आठवडे बाहेर रस्त्यावर उभी राहिली, तिथेही ठेवता येईना तेव्हा भंगारात गेली. काकांनी फक्त उशी वर आणली. काकूंचं भजन सुटलं. त्यानंतर वर्षभरात काका गेले. शोकसभेत सेक्रेटरी बोलायला उठले आणि काका किती सहकार्य करणारे सभासद होते हे सांगू लागले. मी सगळ्यांसमोर उठून चालती झाले. आजही जिन्यात भेटले तर मी त्यांच्याशी बोलत नाही.

परवा काकू आल्या. हातात बरणी, पण या वेळी पदराखाली लपवलेली नव्हती. मी नेहमीसारखी ती दाराच्या फटीत धरायला गेले, तर झाकण माझ्या बोटांतच फिरलं आणि निघून आलं.

लावलं काकूंनीच होतं.

"सवयीने आले गं," त्या म्हणाल्या, आणि बरणी तशीच उघडी हातात धरून दारात उभ्या राहिल्या.