सिस्टरांच्या गॅलरीतलं पाणी

सिस्टरांनी कधी कुणाला 'कसे आहात?' असं विचारलेलं मला आठवत नाही. जिन्यात भेटल्या की त्या सरळ आपला हात हातात घेत, नखं बघत आणि निकाल देत. "लोखंडाच्या कढईत भाजी करत जा. आणि ऑफिसातली कॉफी कमी कर." मी लग्न होऊन नुकतीच अकोल्याहून विश्रांतवाडीत आले होते. शेजारच्या दारातल्या या निवृत्त नर्सबाईंनी माझी पहिली विचारपूस केली ती अशी. त्यांची सगळी नोकरी सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात झालेली. दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. आता त्या नाहीत, पण अजूनही कुणी हात पुढे केला की माझी नजर आधी नखांवर जाते.

घरात त्या, मुलगा मिलिंद आणि सून प्रज्ञा अशी तीन माणसं. यजमान फार लवकर गेले. मिलिंदला त्यांनी रात्रपाळ्या करून वाढवलं, शिकवलं आणि तो हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. त्या सुमारास आमच्या सोसायटीने गॅलरीतल्या कुंड्यांवर बंदी घातली, कारण मातीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं. सिस्टरांच्या कुंड्या गेल्या आणि त्यांचं तोंड उतरलं. मिलिंदने मग दिवाळीच्या सुट्टीत गॅलरीत पांढरे प्लॅस्टिकचे पाइप एकाखाली एक बसवले. पाइपांना भोकं पाडली, भोकांत जाळीच्या वाट्या ठेवल्या आणि त्यांत पालक, पुदिना लावला. मातीचं नाव नाही. खाली पिंपात खताचं पाणी. एक छोटा पंप ते वर चढवायचा आणि ते पाइपांतून फिरत पुन्हा पिंपात पडायचं. शिवाय माशांच्या टाकीत बुडबुडे सोडतात तसला दुसरा पंप पिंपात हवा सोडत असे.

मुळं दिवसभर पाण्यात असताना त्यांना हवा कशाला, असं मी विचारलं. मिलिंदने समजावलं की मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाणी एका जागी राहिलं की त्यातली हवा संपते आणि मुळं कुजतात. सिस्टर ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे रिटायर होऊन मी पुन्हा वॉर्डातच आले म्हणायची."

आणि वॉर्डासारखाच त्यांचा राउंड सुरू झाला. सकाळी एकेक वाटी उचलून त्या मुळं बघायच्या. मुळं पांढरी असली की वाटी परत जागेवर. पानांकडे त्या आधी बघतच नसत. "पानं उशिरा सांगतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसऱ्या वर्षी मिलिंद गेला. ऑफिसातून मोटारसायकलवर घरी येताना हायवेवर ट्रकने उडवलं. सिस्टर आमच्यापैकी कुणासमोर रडल्या नाहीत. घरात नातेवाईक बसलेले असताना त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि पिंपात खताचं पाणी घालून आल्या.

त्यानंतर ते पाणी थांबू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी धरलं. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. त्या दिवशी सिस्टर गॅलरीत स्टूल टाकून बसत आणि पिंपातलं पाणी तांब्याने उपसून उंचावरून पुन्हा पिंपातच ओतत. असं पडताना पाणी हवा घेऊन पडतं, हे मिलिंदनेच त्यांना सांगितलेलं. मधूनच एखादा तांब्या वरच्या पाइपात. जेवायलाही उठत नसत. त्यांना ताप असला तर प्रज्ञाने रजा काढायची. बुद्धविहारात जाणं सुटलं, कुणाकडे मुक्कामाला जाणं सुटलं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा पाणी ठिबकतं म्हणून तक्रार केली. सिस्टर म्हणाल्या, "पाणीच आहे. तुमच्यासारखं दिवसभर नाही ठिबकत."

प्रज्ञा कर्वेनगरच्या एका कॉलेजात शिकवायची. दोन बस बदलून यायची आणि कितीदा तरी जिन्याच्या पायरीवरच पेपर तपासत बसलेली दिसायची. घरात उकडतं, म्हणायची. तिची खोली गॅलरीला लागून होती. ती वाळत चालली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. सगळ्या सोसायटीची नखं बघणाऱ्या सिस्टरांचं तिच्या हाताकडे लक्ष नव्हतं.

मग नागपूरला सिस्टरांची बहीण अत्यवस्थ झाली आणि त्यांना जावंच लागलं. परत आल्या त्या सकाळी मी चहा घेऊन गेले होते. गॅलरीत पंपाची नेहमीची घरघर नव्हती. पालक माना टाकून पडला होता. सिस्टरांनी वाटी उचलली. मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली, कुजका वास येत होता.

"वीज गेली होती का?" त्यांनी विचारलं.

प्रज्ञाला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "मीच पंप बंद केला. आई, तो आवाज आला की मला वाटतं, मिलिंद गॅलरीत काहीतरी करतोय. रोज वाटतं. मला झोपायचं होतं."

सिस्टरांनी वाटी खाली ठेवली आणि हात धुतले. पुढे कितीतरी दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग एका रविवारी त्यांनी मला पाइप धरायला बोलावलं. सगळं घासूनपुसून त्या पुन्हा सुरू करणार, असं मी धरून चालले. त्यांनी पंप कोरडा केला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. "एवढे दिवस मी पंपाकडे लक्ष दिलं, वैशाली," त्या म्हणाल्या. "भिंतीपलीकडे पोरगी झोपत नव्हती, ते मला दिसलं नाही."

त्यानंतर त्यांनी प्रज्ञाच्या लग्नाचा विषय काढला. प्रज्ञाला ते वेगळंच लागलं. "मी पंप बंद केला म्हणून मला घालवताय?" असं तिने माझ्यासमोरच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "घालवायचं असतं तर त्याच दिवशी घालवलं असतं. हे घर तुझंच आहे. पण माझ्यासाठी म्हणून इथे राहू नकोस." तिला पटायला वर्ष गेलं. नातेवाइकांनी नावं ठेवली; काहींनी येणं-जाणं तोडलं. सिस्टरांनी कुणाला समजावत बसण्याचे कष्ट घेतले नाहीत.

बिबवेवाडीचे एक प्राध्यापक होते, प्रज्ञाच्याच कॉलेजातले, पत्नी वारलेली. लग्न विहारात झालं, मोजकी माणसं. प्रज्ञाचे आईवडील हयात नव्हते. वधूकडच्यांनी पुढे या, असं म्हटल्यावर सिस्टर पदर नीट करून पुढे गेल्या. त्रिशरण, पंचशील त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. निरोपाच्या वेळी प्रज्ञा गळ्यात पडून रडली तेव्हाही, उशीर होतोय, गाडीत बसा, एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही दोघी रिक्षाने परतलो. कुलूप काढून सिस्टर आत गेल्या, दिवा लावला आणि साडीही न बदलता प्रज्ञाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी निघते म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी माझ्या दारापर्यंत पोचले, तेवढ्यात मागून हाक आली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "आज इकडे झोपायला येशील का?"